स्वल्पविरामाचे वैरी

आमच्या पोंक्षे सरांचं जगात कुणाशी वैर असेल, तर ते स्वल्पविरामाशी.

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात ग्राहकांचे सुटे पत्ते एका सलग ओळीत गुंफायचे आणि ती ओळ पुढच्या सॉफ्टवेअरला द्यायची, हे माझं काम. दोन पत्त्यांच्या मधे काहीतरी खूण लागते. सगळं जग स्वल्पविराम देतं, म्हणून मीही दिला.

"अहो, 'सदाशिव पेठ, पुणे' हा एक पत्ता की दोन?"

"एकच, सर."

"तुमच्या ओळीत दोन झालेत. एक पार्सल सदाशिव पेठेत जाईल, दुसरं पुण्यात. पुण्यात कुठे, ते आपण हिंडून शोधा."

त्यांना मधे उभी रेघ हवी. रेघ दिली, तर तिच्या शेजारी जागा सुटली म्हणून काम परत. जागा काढली, तर शेवटच्या पत्त्यापुढेही रेघ उरली म्हणून परत. "पुढे कोणी नाही, मग दार कुणासाठी उघडं ठेवलंत?" कँटीनमध्ये मी एका दमात "मिसळ ताक" म्हटलं, तर मागून आवाज आला, "मिसळीत ताक ओतायचंय का?"

असा माणूस नेमका काम द्यायच्या दिवशी रजेवर गेला. फोन उचलेना, आणि त्यांच्या मंजुरीशिवाय काम पुढे जाईना. शेवटी भर ट्रॅफिकमधून स्कूटर हाणत, मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत मी त्यांच्या घरी पोचले.

दार सरांनीच उघडलं. ओठांवर बोट ठेवून मला खुर्ची दाखवली. समोर त्यांच्या पत्नी, काकू, बसल्या होत्या. पक्षाघातानं त्यांची वाक्यं गेली होती, सुटे शब्द तेवढे उरले होते. ऑफिसात सर याबद्दल अवाक्षर बोलले नव्हते.

"गॅलरी," काकू म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानं, "ताई... हिरवं... ऊन."

"हिरव्या कुंडीला ऊन लागतंय? आत घेऊ?"

काकूंनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले.

"थांब, थांब. मीच चुकीचं जोडलं. परत सांग. मला काही घाई नाही."

त्यांनी परत सांगितलं. सरांनी परत चुकवलं. मी घड्याळ बघत होते. सर फक्त काकूंच्या ओठांकडे.

"ताईंनी दिलेली हिरवी साडी!" ते एकदम उठले. "गॅलरीत उन्हानं विटतेय, होय ना?"

काकू हसल्या. सरांनी साडी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि मग माझा लॅपटॉप ओढला. एक जादा रेघ खोडायला लावलीच. पण काम वेळेत गेलं.

मी निघाले, तेव्हा काकू म्हणाल्या, "चहा."

सर माझ्याकडे वळले. "ती म्हणतेय, चहा घेऊन जा. बसा जरा. इकडे कोणी फारसं येत नाही, आलात तर बरं वाटतं."

काकू एकच शब्द बोलल्या होत्या. मी पर्स खाली ठेवली आणि बसले.