धुळाजी रोहीने दिलेली वाट

एका जंगलात दोन धावणारे होते. जंगलाला त्यांतला एकच माहीत होता. आपली गोष्ट दुसऱ्याची आहे. तेव्हा बाळांनो, नीट बसा. ज्याला पहिल्याची गोष्ट हवी असेल त्याने उठून जावं. ती सगळीकडे सांगतात.

पहिला होता झुंजार काळवीट. शिंगं पिळदार, पोट पांढरंशुभ्र, आणि उडी अशी की बघणाऱ्याने श्वास घ्यायचा विसरावा.

दुसरा होता धुळाजी रोही. रोही म्हणजे नीलगाईतला नर. अंगाने घोड्यासारखा, तोंडाने म्हशीसारखा, आणि शिंगं देताना देवाने हात आखडता घेतलेला.

त्या जंगलात तळ्याभोवती शर्यत होई. वर्षातून दोनदा, बारा फेऱ्यांची. एकट्याने धावायचं नाही अशी रीत होती. प्रत्येक ताफ्याचे दोघे धावत. दोघांपैकी कुणीही जिंकलं तरी ताफा जिंकला असं म्हणत. हार मात्र एकाच गळ्यात पडे.

झुंजार आणि धुळाजी एकाच ताफ्याचे. ताफा जांबूशेठ अस्वलाचा. शेठ स्वतः कधी धावला नाही. तो बक्षिसाच्या मधाचं बघायचा.

तळ्याच्या पूर्वेला एक अवघड वळण होतं. तिथे उंबराचं झाड. झाडावर शेठचा माणूस, म्हणजे हुप्या वानर, बसलेला असे. शेवटच्या फेरीत तो दोनदा हूप करी. दोन हूप म्हणजे धुळाजीला हुकूम : तू पुढे असशील तर आतली वाट सोड, बाहेरून घे, झुंजारला जाऊ दे.

असं अकरा वर्षं चाललं. बावीस शर्यती झाल्या. त्यांतल्या एकोणीस झुंजारने जिंकल्या.

मग दोघांचे गुडघे वाजू लागले आणि दोघं थांबले. शर्यत जिथून सुटते तिथे झुंजारच्या नावाचा मानाचा दगड बसला. धावायला उतरणारी पाडसं आधी त्या दगडाला कपाळ घासू लागली. धुळाजीला शेठने निरोपाची गवताची पेंढी दिली. तीही ओली.

त्यानंतर धुळाजीला एकच काम उरलं. सकाळी उन्हाच्या उतारावर बसायचं आणि म्हणायचं, "मी वाट दिली नसती तर."

पुढचं तो बोलत नसे. पुढचं ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. आधी ते तरण्या रोह्यांनी समजून घेतलं. ते कंटाळल्यावर सशांनी. ससे पळाले तेव्हा धुळाजी वारुळाला सांगू लागला. वारूळ जागचं हलत नाही.

त्याची बायको गोजरबाई जवळच चरत असे. ती म्हणाली, "अहो, दगड हवा असेल तर सरळ जाऊन मागा. त्या मुंग्यांचा जीव का घेता?"

"मागणार नाही," धुळाजी म्हणाला. "मिळाला पाहिजे."

"मग बसा."

तो बसला. बसूनच राहिला असता. पण एका सकाळी चिंचेवर पोपट शर्यतींविषयी बोलत होते. पोपट शर्यतींविषयी रोजच बोलत. एकाने विचारलं, "झुंजारबरोबर दुसरा कोण धावायचा रे?" दुसऱ्याने चिंच फोडली, आतलं खाल्लं आणि म्हणाला, "होता एक."

धुळाजी खालीच उभा होता. पोपटांनी त्याला पाहिलंही होतं. ओळखलं नाही इतकंच.

तो थेट साळिंदर मास्तरांकडे गेला. साळिंदर जंगलाची लिखापढी पाही. लिहायचं झालं की तो आपल्याच पाठीचा काटा उपटून लिही. म्हणून तो कमी लिही आणि लागेल तेवढंच लिही.

"माझी कारकीर्द तपासा," धुळाजी म्हणाला. "मी झुंजारच्या तोडीस तोड होतो की नव्हतो, ते पंचांनी सांगावं. होतो म्हणाले तर माझा दगड त्याच्या दगडाला लागून."

"आणि नव्हता म्हणाले तर?"

धुळाजीने मान वर केली. मान वर केली की तो बरा दिसे. "तर मी माझ्या धावण्याविषयी जन्मात तोंड उघडणार नाही."

गोजरबाई मागे उभी होती. ती म्हणाली, "मास्तर, हे लिहून घ्या. लागले तर दोन काटे घ्या, पण ठळक लिहा."

पंच तिघं होते. घुबड अध्यक्ष. बैठक दिवसा होती म्हणून तो झोपलेला होता, आणि त्यामुळे तो कुणाचा पक्ष घेणार नाही याची सर्वांना खात्री होती. दुसरा पंच चिंचेवरचा पोपट. तो कधीच धावला नव्हता, म्हणून त्याला धावण्यातलं सगळं कळत होतं. तिसरा साळिंदर.

बैठक उंबराखाली भरली. जंगल लोटलं. धुळाजी अंगाला चिखल लावून, वाळवून, झटकून आला होता. अकरा वर्षांत इतक्या गर्दीने त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, अर्धं काम इथेच झालं.

पहिला जबाब हुप्याचा.

"तू दर शर्यतीत दोन हूप करायचास?" साळिंदरने विचारलं.

"दर शर्यतीत. झुंजार धावत असला की करायचंच, असा शेठचा हुकूम होता."

"घ्या लिहून," धुळाजी म्हणाला. "एकवीस वेळा मला हुकूम आला. एकवीस वेळा मी वाट दिली."

हुप्याने काख खाजवली. "धुळाजीबाबा, रागावू नका. हूप मी एकवीस वेळा केलं. पण वाट द्यायला माणूस आधी पुढे असावा लागतो."

गर्दीत कुणीतरी खाकरलं.

"किती वेळा पुढे होता?" साळिंदरने विचारलं.

"चार वेळा."

"सात," धुळाजी म्हणाला.

"चार. मी वर बसलेला असायचो. वरून तळं अख्खं दिसतं."

धुळाजीने मनात मोजलं. आधी सात आले. पुन्हा मोजले तेव्हा पाच आले. तिसऱ्यांदा त्याने मोजलं नाही.

"चार तर चार," तो म्हणाला. "चार शर्यती कमी आहेत का? त्या माझ्या होत्या. हुकमाने गेल्या."

हे मात्र खरं होतं. पोपटालाही मान हलवावी लागली. साळिंदरने काटा उपटला आणि लिहिलं : चार. धुळाजीला छातीत बरं वाटलं. चार हा आकडा त्याला एकदम मोठा वाटू लागला.

दुसरा जबाब झुंजारचा. तो लंगडत आला, तरी सगळे उभे राहिले. धुळाजीही राहिला. मग त्याला आठवलं की आज आपला दिवस आहे. तो पुन्हा बसला. बसताना गुडघा वाजला आणि सगळ्यांनी ऐकला.

"धुळाजी कसा धावायचा?" साळिंदरने विचारलं.

झुंजार प्रामाणिक होता. पहिल्या येणाऱ्याला ते परवडतं. तो म्हणाला, "खरं सांगू का मास्तर, त्या चार वेळा सोडल्या तर मी त्याला धावताना पाहिलेलाच नाही. तो मागे असायचा. पण त्याच्या टापा ऐकू यायच्या. टापा वाजत आहेत म्हणजे मागून दुसरं कुणी येत नाही, हे मला कळायचं. त्या टापांच्या भरवशावर मी अकरा वर्षं मागे वळून पाहिलं नाही."

हे बोलणं चांगलं होतं की वाईट, ते धुळाजीला ठरवता येईना. गोजरबाईने मात्र नाक ओढलं आणि दुसरीकडे पाहिलं.

"तोडीस तोड होता का?" पोपटाने विचारलं.

"ते त्यालाच माहीत," झुंजार म्हणाला. "एकदा मी नव्हतोच की."

बाळांनो, इथे लक्ष द्या. बाविसातली एक शर्यत अशी होती की झुंजारच्या खुरात बाभळीचा काटा गेला होता आणि तो धावला नव्हता, त्याच्या जागी ताफ्यातला दुसराच कुणी धावला होता. ही शर्यत धुळाजीने सशांना सांगितली नव्हती. वारुळालाही नाही. जंगल ती विसरलं असावं, अशी त्याची आशा होती.

साळिंदर विसरला नव्हता. "त्या दिवशी काय झालं?"

"मी अकरा फेऱ्या सर्वांत पुढे होतो," धुळाजी म्हणाला.

"फेऱ्या बारा असतात."

"असतात."

"बाराव्या फेरीत?"

धुळाजीला तो दिवस अंगावर आल्यासारखा आठवला. पुढे कुणी नव्हतं. एरवी डोळ्यांपुढे एक पांढरी शेपटी उडत असे, ती नव्हती. धूळ नव्हती. वारा थेट तोंडावर येत होता. असा वारा त्याने इतका वेळ कधी घेतला नव्हता. अकरा फेऱ्या त्याला कळत नव्हतं की बघायचं कुठे.

त्याच्याऐवजी हुप्याच बोलला. "बाराव्या फेरीत हे उंबरापाशी आले. मागे रानडुक्कर, दहा हात लांब. आणि इथे, या वळणावर, बाबा आतली वाट सोडून बाहेर गेले. डुक्कर आतून गेला. जिंकला. त्यालाही दोन दिवस पटत नव्हतं."

"तू हूप केलंस?"

"नाही हो. कुणासाठी करू? माझ्या तोंडात उंबर होतं. बाबा बाहेर गेलेले बघून ते खाली पडलं."

"मग धुळाजी, तू वाट कुणाला दिलीस?"

धुळाजी ताठ उभा राहिला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. फक्त सात म्हणायची होती. "कुणाला नाही," तो म्हणाला. "वळण आलं. पाय बाहेर गेले."

"पाय गेले की तू नेलेस?"

"मास्तर," धुळाजी म्हणाला, "बाहेर गेल्यावर मला बरं वाटलं. हेही लिहून घ्या."

गर्दी हसली नाही. हसली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

साळिंदरने घुबडाला हलवलं. घुबडाने एक डोळा उघडला आणि विचारलं, "कोण जिंकलं?"

"डुक्कर," हुप्या म्हणाला.

"बरोबर," घुबड म्हणाला, आणि अध्यक्षांचं मत नोंदलं गेलं.

पोपट म्हणाला की हे सगळं त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. मग साळिंदरने निकाल वाचला. "धुळाजी रोही तोडीस तोड नव्हता. चार शर्यती त्याने हुकमाने सोडल्या, हे पंचांना मान्य. पाचवी त्याने आपणहून सोडली. हुकूम नसताना वाट देणारा जंगलात दुसरा कुणी आढळला नाही. म्हणून दगड द्यावा. पण झुंजारच्या दगडाशेजारी नाही. इथे उंबराखाली, बाहेरच्या वाटेवर. आणि ठरल्याप्रमाणे त्याने धावण्याविषयी यापुढे बोलू नये."

चार दिवस धुळाजी कुणाशी बोलला नाही. वारुळाकडे पाठ करून बसला. पाचव्या दिवशी गोजरबाई म्हणाली, "दगड नको म्हणून सांगू का त्यांना?"

"नको म्हणणारा मी कोण?" धुळाजी म्हणाला. "मिळाला आहे. घेतला पाहिजे."

दगड बसला त्या दिवशी पाडसं आली, हरणं आली, डुक्करही आला. साळिंदरने दगडावर धुळाजीचं नाव कोरलं होतं. ते त्याच्याशिवाय कुणालाच वाचता येत नव्हतं.

धुळाजी दगडासमोर मधोमध उभा होता. मान वर होती. तेवढ्यात मागून लंगडत्या टापा वाजल्या. झुंजार आला होता.

धुळाजी दोन पावलं बाजूला सरला.

झुंजार दगडासमोर मधोमध उभा राहिला. त्याने मान वाकवून दगडाला कपाळ लावलं. मनापासून लावलं. सगळ्या जंगलाने ते पाहिलं आणि सगळ्यांचे डोळे भरले. झुंजार किती मोठ्या मनाचा आहे, असं जो तो म्हणू लागला.

गोजरबाई हळूच म्हणाली, "दिलीत ना वाट?"

"हूप ऐकू आलं," धुळाजी म्हणाला.

"हुप्या तिकडे पाणी पितो आहे."

धुळाजीने तळ्याकडे पाहिलं. हुप्या खरंच पाणी पीत होता. धुळाजीच्या तोंडातून एक आवाज निघाला. गोजरबाईला आधी वाटलं, ठसका लागला. तो हसत होता. अकरा वर्षं आणि त्यावर चार हिवाळे, तिने हे ऐकलं नव्हतं.

गर्दी पांगली. एक नवं पाडस मागे राहिलं. ते पहिल्यांदाच शर्यतीला उतरणार होतं. त्याने दगड हुंगला आणि विचारलं, "आजोबा, हा दगड कुणाचा?"

धुळाजीने तोंड उघडलं. मग त्याला साळिंदरचे दोन काटे आठवले. शब्द दिलेला होता, आणि तो ठळक अक्षरांत होता.

"होता एक," तो म्हणाला.

"जोरात धावायचा का?"

"ते विचारू नकोस," गोजरबाई म्हणाली. "पण वाट फार सुंदर द्यायचा."

पाडसाने दगडाला कपाळ घासलं आणि ते धावत सुटलं. उंबराच्या वळणावर ते आतून गेलं. धुळाजीने ते नीट पाहिलं, आणि मग चरायला लागला.

तात्पर्य, ज्याला पटेल त्याने घरी न्यावं : दुसऱ्याच्या सावलीत धावत असाल तर सावलीला नावं ठेवू नका. उन्हात तुम्ही किती धावला असता, ते तिच्यामुळेच झाकून राहतं. आणि कारकीर्द तपासून घ्यायची हौस असेल, तर आधी वानर मेला आहे याची खात्री करून घ्या.