विमानाच्या बुशांना कुंकू

"आये, तुला कुणी सांगितलं व्हतं बुशांना कुंकू लावायला?"

"दसरा व्हता. लोखंडाला न्हाई लावायचं, तर काय तुझ्या थोबाडाला लावू?"

"मशिनीला लाव की. पाचशे नगांचं खोकं उघडून एकेकाला बोट टेकवत बसलीस?"

"आभाळात जायचं व्हतं त्यास्नी. तुझं मशीन कुठं उडतंय?"

सुदर्शननं कोपऱ्यातल्या डब्याला लाथ घातली. डबा भरलेला निघाला. तो एका पायावर नाचत होता तोवर साळुबाईनं शांतपणे तांदूळ निवडायला घेतले.

पेठ गावात हायवेच्या कडेला सुदर्शनची पत्र्याची शेड, आत दोन लेथ. आजवर ट्रॅक्टरच्या पिना नि पंपाचे शाफ्ट केलेले. भोसरीच्या एका कंपनीनं नमुन्याला पाचशे बुश करायला दिले: करंगळीच्या पेराएवढ्या स्टीलच्या नळ्या, विमानातल्या खुर्चीच्या सांध्यात बसणाऱ्या. पेठहून भोसरी, भोसरीहून थेट फ्रान्स. नमुना पास झाला तर तीन वर्षं काम. नापास झाला तर शेडला कुलूप आणि चाकणला दाजींच्या हाताखाली नोकरी. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा भगवंत. तिथं सुपरवायझर होता, आणि सुदर्शनला चारचौघांत 'उद्योगपती' म्हणायचा.

बुशांना गंज लागू नये म्हणून तेल चोपडलेलं होतं. त्यात कुंकू असं बसलं की फ्रान्सपर्यंत हललं नाही; साळुबाईच्या तोंडून कळलं तोवर खोकं निघून गेलेलं. आणि कारखान्यात लाल ठिपका म्हणजे भंगार, हे सगळ्या जगाला ठाऊक.

भोसरीहून क्वालिटीच्या शीला मॅडमचा फोन आला. "सुदर्शन, फ्रान्सवाले विचारतायत, प्रत्येक नगावर लाल खूण कसली?"

"तपासणीची हाये मॅडम," सुदर्शनच्या तोंडून निसटलं. "नग हातानं तपासला, की ठिपका."

"पाचशेच्या पाचशे?"

"आमच्याकडं तसंच असतंय. तुमी खोकं उघडलं तवा बघितलं असंलच."

भोसरीत खोकं कुणी उघडलंच नव्हतं. मॅडमनी न बघता सही ठोकली होती.

"हो, बघितलं ना," मॅडम म्हणाल्या. "छान पद्धत आहे. कागदावर लिहून पाठव. गुरुवारी फ्रान्सचे साहेब येतायत, ठिपका लावणारा इन्स्पेक्टर हजर पाहिजे."

ठिपके मारायचे तर बोट साळुबाईचंच पाहिजे होतं, तिच्याइतका गोल ठिपका कुणाला जमेना. सुदर्शननं तिच्यापुढं दोन सळ्या ठेवल्या. "ही बारीक भोकात गेली पायजे. ही जाड न्हाई गेली पायजे. मंग कुंकू."

"येवढंच? मला वाटलं इमान चालवायचंय."

गुरुवारी साहेब आला, मॅडम आल्या. साळुबाई लुगड्यावर निळा एप्रन घालून बसली. सुदर्शननं स्वतः निवडलेले पन्नास नग पुढं मांडले. चौथाच नग तिनं बाजूला भिरकावला.

"आये, चांगलाय तो."

"जाड सळी जातीया."

"जाऊ दी की."

"तूच म्हनला न्हाई गेली पायजे. पावण्यासमोर शब्द फिरवतो व्हय?"

साहेबानं खिशातून मायक्रोमीटर काढला, नग मोजला आणि भुवया वर केल्या. नग खरंच नापास. पन्नासात असे पाच निघाले. सुदर्शनच्या मानेवरून घाम थेट पँटीत उतरला. साहेब मात्र तासभर खूश होऊन लिहीत होता. जाताना साळुबाईनं पाहुणा म्हणून त्याच्याही कपाळाला बोट टेकवलं. सळी तेवढी वापरली नाही.

महिन्यानं ऑर्डर आली, तीन वर्षांची. खाली अट: जसं बघितलं तसंच कायम. तोच रंग, तीच जागा, तोच हात. काही बदलायचं तर सहा महिने आधी लेखी मंजुरी. इन्स्पेक्टर म्हणून एकच नाव टाईप केलेलं, साळुबाईचं. आता तिनं चहा मागितला की मालक लेथ बंद करून उठायचा.

पहिला माल दोन हजार नगांचा. टेम्पो सोमवारी येणार. रविवारी सकाळी साळुबाई शेडच्या दारातच थांबली.

"चिमाजी आप्पा गेलं."

"कोन चिमाजी आप्पा?"

"तुझ्या पणज्याच्या चुलतभावाचा धाकला. चौऱ्याण्णवचा व्हता."

"लई वाईट झालं. चल, ठिपके लाव."

"सुतकात कुंकू लावतेत व्हय? धा दिस न्हाई."

"मंग शेजारच्या ठमाबाईला बसवू का?"

"बसव. फ्रान्सच्या कागदावर तिचं नाव हाये का तेवढं बघ."

सुदर्शननं भोसरीला उशीर कळवला, तशी मॅडमनी मंचरच्या दुकानात फॅक्सवर फॉर्म धाडला. अडचण काय, मूळ कारण काय, उशीर किती, पुन्हा घडू नये म्हणून उपाय काय. तीन रकाने भरून सुदर्शननं फॉर्म परत पाठवला. दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन.

"दहा दिवस मंजूर. पण चौथा रकाना कोरा चालत नाही. चार वाजेपर्यंत दे."

"मॅडम, मानसं मरू न्हाईत म्हनून मी काय उपाय लिहू?"

"ते तू बघ. आणि जे लिहिशील ते दर महिन्याला तपासणार आहेत. पुढच्या वेळी उशीर झाला तर ऑर्डर काढून घेतील."

सुदर्शन घरी आला. "आये, भावकीत म्हातारी किती उरलीत?"

साळुबाईनं बोटांवर मोजलं. "सात. बयाबाई धरून आठ. ठणठणीत हायेत समदी. फकस्त हौशीरामचा खोकला बरा न्हाई. विड्या सोडत न्हाई मेला."

"किती वय?"

"नव्वदीला आला आसंल. रातभर खोकतोय म्हनं."

पुढचा माल एक तारखेला होता. सुदर्शननं चौथ्या रकान्यात लिहिलं: 'भावकीतल्या ज्येष्ठांची दरमहा डॉक्टरी तपासणी. विडीबंदी.' खाली सही केली, फॉर्म खिशात घातला आणि गाडीची किल्ली घेतली.

दारात भगवंत उभा. चाकणहून खास आलेला. "काय राव, विमानवाले, बसा की जरा. फ्रान्सचं काय ते सविस्तर सांगा."

"तुमी बसा दाजी, आये चा टाकंल." सुदर्शननं गाडीला किक मारली. "हौशीराम आज्याला मंचरला दाखवायचंय, डॉक्टर एकला दवाखाना बंद करतो. मला निघायला पायजे आता."