बोरीच्या वाडीतल्या अकरा चिठ्ठ्या

शरीर असो वा संस्था, तिची प्रकृती काम करणाऱ्यांवर नव्हे, तर काम थांबवूनही जागा न सोडणाऱ्यांवर अवलंबून असते, हे आता शास्त्रानेही मान्य केले आहे. पोलादपूरच्या डोंगरातल्या बोरीच्या वाडीने ते एकतीस वर्षांपूर्वीच मान्य केले होते. त्या साली हैबती ग्रामस्थ मंडळाचे अध्यक्ष झाले.

हैबतींचं वय चौऱ्याहत्तर. कार्यकारिणीतले बाकीचे दहाजण त्यांच्याच आगेमागे. (युवक शाखा वेगळी. तिचे अध्यक्ष साहिल यंदा एकोणपन्नास पूर्ण करतील. त्यांना नातू झाला तेव्हा शाखेतर्फे पेढे वाटण्यात आले.) गेल्या पाच वर्षांत मंडळाने त्रेसष्ट ठराव केले. पैकी एकसष्ट 'पुढील सभेत विचारार्थ' ठेवले, एक शोकप्रस्ताव होता आणि एक अध्यक्षांच्या खुर्चीला उशी घेण्याचा. उशीचं काम वेळेत झालं. वरच्या आळीकडे चढणाऱ्या पाखाडीच्या वाटेला पायऱ्या बांधण्याचा ठराव मात्र दरवर्षी नव्याने मांडला जातो, त्यामुळे तो कधी जुना होत नाही.

यंदा मे महिन्यात मुंबईकर गावी आले आणि राहीबाईंनी नवऱ्यापुढे भाकरी ठेवता ठेवता बातमी दिली, "आवं, यंदा तुमाला खुर्चीवरनं उठवणार हायत."

हैबतींनी भाकरी बाजूला सारली. खुर्ची गेली तर सकाळी उठून जायचं कुठे? लोक हाक कशाला मारतील? पण माणूस मुरलेला. त्यांनी वार्षिक सभेच्या सुरुवातीलाच नातीचा सत्कार ठेवला. सत्कार लांबला की निवडणुकीपर्यंत सभा पोचत नाही, हा मंडळाचा अनुभव आहे.

नात अक्षदा पुण्यात शरीर म्हातारं का होतं यावर संशोधन करते. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि बोला म्हटल्यावर पोरगी खरंच बोलली.

"शरीरातल्या काही पेशींना इजा झाली की त्या वाढायच्या थांबतात. ते बरंच आहे, नाहीतर त्यातून कॅन्सर व्हायचा. जखम भरायलाही त्यांची मदत होते. तरुणपणी शरीर त्यांना वेळच्या वेळी झाडून काढतं. वय झालं की झाडलोट कमी पडते. मग त्या मरत नाहीत, कामाच्या राहत नाहीत आणि जागाही सोडत नाहीत. बसल्या जागी अशी रसायनं सोडतात, की शेजारच्या धडधाकट पेशीही बिघडतात. सांधे, हृदय, रक्तवाहिन्या, सगळ्यांना त्रास."

मंडपातला प्रत्येक जण तिरक्या नजरेने शेजाऱ्याकडे बघू लागला. हैबतींनी खजिनदार रावजींकडे पाहिलं. काय पोरगी हाय! रावज्याला न भेटता ओळखला!

"मग यावर उपाय काय?" साहिलने विचारलं.

"उंदरांमधल्या अशा पेशी काढल्या, तर ते तरतरीत झाले. माणसांवर अजून चाचण्या चालू आहेत."

मंडळाने चाचण्यांची वाट न पाहता ठराव केला: 'काम थांबवलेला, जागा न सोडणारा व शेजाऱ्यांस त्रासदायक असा कार्यकारिणी सदस्य गुप्त चिठ्ठीने शोधून मोकळा करावा.' ठराव एकमताने मंजूर झाला, कारण तो कोण हे प्रत्येकाला ठाऊक होतं. हैबतींनी दोन्ही हात वर केले. (दुसरा हात मोजला नाही.)

अकरा सदस्य, अकरा चिठ्ठ्या. रिवाजाप्रमाणे त्या अध्यक्षांनीच उघडायच्या. पहिलीत 'हैबती'. दुसरीत 'हैबती'. पाचवी पेन्सिलीने लिहिलेली, म्हणजे रावजींची. तीत तर 'हैबतीराव', मानाने. सातवीतही 'हैबती'. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. ह्यांच्या पोरांच्या बारशाला आपण जेवलो! अकरावी 'रावजी', ती त्यांची स्वतःची.

चिठ्ठ्या एकावर एक रचून ते म्हणाले, "दहा चिठ्ठ्या... हैबती."

मंडपाबाहेर सभेनंतरच्या पूजेसाठी आणलेले खालूबाजाचे वादक बसले होते. वाडीत चिठ्ठ्या आजवर अध्यक्ष निवडायलाच टाकल्या गेल्या आहेत. दहा चिठ्ठ्या ऐकताच त्यांनी ताशावर काठी टाकली. गुलाल उधळला. पाठीमागे झोपलेले मुंबईकर जागे होऊन "विजय असो" ओरडू लागले. चूक सांगायची तर चिठ्ठी आपण लिहिली हे सांगावं लागणार. तेव्हा दहाही सदस्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. हार रावजींनी घातला.

अक्षदा कानाशी येऊन म्हणाली, "आजोबा, ह्या चिठ्ठ्या काढून टाकण्यासाठी होत्या."

"अगो, वाजवणाऱ्यांना पैशे दिलेत, वाजवू दे." डोळे पुसत हैबती म्हणाले.

"आता तरी आपणहून उठा," राहीबाई पदर खोचत म्हणाल्या.

हैबती खरोखरच उठायला गेले. मनापासून. पण गुडघ्याने साथ दिली नाही. "सूज हाय गो," म्हणत ते उशीवर परत टेकले. इतिवृत्तात 'अध्यक्षपदी फेरनिवड, बत्तिसावे वर्ष' अशी नोंद झाली. पाखाडी पुढील सभेत घेण्याचं ठरलं.

राहता राहिले वाचक. अक्षदा बोलत होती तेव्हा आपणही मनातल्या मनात एक चिठ्ठी लिहिलीत. ऑफिसातल्या कुणाच्या नावाची असेल, सोसायटीतल्या, कदाचित घरातल्याच कुणाची. नाव आम्ही विचारत नाही. ते आपलं स्वतःचं नव्हतं, एवढी नोंद घेतली आहे. आपल्या शेजारी बसणाऱ्यांच्या चिठ्ठ्या अजून उघडायच्या आहेत.