तारापूरची धूळ

अवकाशात मेघ असतात, मेघांत धूळ असते आणि जवळच्या तप्त ताऱ्यांच्या किरणांत ती भाजून निघते. एकोणीसशे सहासष्ट साली बोईसरच्या शाळेत विज्ञान शिकवता शिकवता मी या धुळीचा अभ्यास करीत असे. सांगितला कुणी नव्हता; लष्करच्या भाकऱ्या भाजायची हौस, दुसरं काय!

मे महिन्यात माझं जाहीर व्याख्यान ठरलं : 'ताऱ्यापुढची धूळ'. प्रताप पेंटरनं फलक रंगवला : 'तारापूरची धूळ आणि किरणांचा परिणाम'. माझं शुद्धलेखन त्यानं आपणहून सुधारलं होतं. चूक मला वेळेवर दिसली. पण खाली माझं नाव हातभर उंच अक्षरांत होतं. म्हटलं, राहू दे.

तारापूरला तेव्हा अणुवीज केंद्र उभं राहत होतं. साहजिकच उमरोळीपासून माणसं लोटली. मी दीड तास बोललो. कळलं कुणालाच नाही, पण सगळे गंभीर झाले. मला वाटलं, जिंकलं!

पुढच्याच आठवड्यात माझी घरमालकीण येसूबाई मनोरच्या बाजारातून सुक्या बोंबलांची पाटी भरलेलीच परत घेऊन आली.

"तारापूरचे बोंबील कोन हातात धरत नाय. म्हंतात, धूळ लागलीय. मास्तर, तुमची मेली धूळ हाय तरी कुटं?"

"मृगात."

"आनि माजे बोंबील मृगाच्या आदी खपाया पायजे! लोकांची पावसाची बेगमी झाली, का मंग कोन इचारतो?"

तिची वर्षाची चूल त्या बोंबलांवर चालायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोंबलांत धूळ नाही असा दाखला मिळावा म्हणून तिला घेऊन मी मामलेदार कचेरीत गेलो.

"साहेब, ही धूळ तारापूरची नाही. पंधराशे प्रकाशवर्षं लांब आहे."

"कुठल्या तालुक्यात?"

"कुठल्याच नाही. मृग नक्षत्रात."

साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "मृग जूनमध्ये लागतो. तत्पूर्वी पाहणी करणं नियमबाह्य ठरेल. तोवर सदर बोंबील विकू नयेत."

येसूबाईनं साहेबांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

मी घाईनं खुलाशाचं व्याख्यान ठेवलं : 'तारापुरात धूळ नाही'. एकटी येसूबाई आली, तीही आपली सतरंजी परत न्यायला.

मृग लागला. भर पावसात पाहणी मंडळ आलं. त्यांनी नमुन्यादाखल बोंबील तळून घेतले, दोनदा तपासले आणि शेरा दिला : 'धूळ आढळली नाही. चिखल आढळला.' तोवर लोकांची बेगमी भरून झाली होती.

उरलेले घरभर बोंबील शेवटी मीच घेतले. पावसाळाभर दोन्ही वेळा तेच.

"खावा मास्तर," येसूबाई वाढताना म्हणायची, "धूळ तुमची, बोंबील माजे."

या गोष्टीलाही मी आधी 'ताऱ्यापुढची धूळ' असं खरं नाव दिलं होतं. मग म्हटलं, वाचणार कोण? प्रतापचंच ठेवलं. आणि बघा, आलातच ना तुम्ही!