तात्यांचा युरोप

शेजारचे वसंततात्या भोकं पाडलेली प्लास्टिकची पट्टी खिशात घेऊन हिंडायचे. द्राक्षाचा मणी अठरा मिलिमीटरच्या भोकातून खाली पडला, की तो त्यांच्या लेखी मेला. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी गुलाबजामलाही पट्टी लावली आणि आचाऱ्याला म्हणाले, "साईज एकसारखी नाय. युरोपात चालायचं नाय."

पिंपळगाव बसवंतजवळ आमच्या बागा बांधाला बांध लागून. माती एक, पाणी एक. रोज संध्याकाळी बांधावर आमचं भांडणही ठरलेलं. पण त्यांची द्राक्षं बोटीनं हॉलंडला जायची आणि माझी टेम्पोनं इंदूरला. जागतिक व्यापाराचे करार झाले तेव्हा तात्या म्हणाले होते, "दारं उघडली, रामनाथ. पण उंबरा लय उंच हाय." ते तो ओलांडून गेले, मी अलीकडेच राहिलो. त्यांचा कंटेनर निघाला की त्या दिवशी मला घास उतरायचा नाही.

शेवटी मी त्यांच्या निर्यात गटात शिरलो. पहिल्याच हंगामात, तोडणी तोंडावर आली असताना घडांवर भुरीची पांढरी बुरशी दिसली. एवढ्या उशिरा औषध मारायला बंदी होती. तपासणीचा नमुना आधीच गेला होता, म्हणजे इथं कोणाला कळणार नव्हतं. तात्यांपेक्षा माझा माल उजवा दिसावा म्हणून मी गुपचूप फवारणी केली.

महिन्याभरानं हॉलंडहून फॅक्स आला. द्राक्षांत औषधाचा अंश सापडला होता. गटाचा सगळा कंटेनर नाकारला. गटातले सगळे तात्यांच्या ओट्यावर जमले.

"कोणाचा प्लॉट?" एकानं विचारलं.

तात्यांनी फॅक्सची घडी घातली. "माझाच. हात चुकला."

लोक त्यांना नाही नाही ते बोलले. आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं. म्हणजे हेही आपल्यासारखेच निघाले.

दोन दिवसांनी निर्यातीच्या एजंटाच्या टेबलावर त्याच फॅक्सची प्रत दिसली. त्यात दोषी मालाचा नंबर माझ्या प्लॉटचा होता.

मी तडक तात्यांकडे गेलो. "माझं नाव का नाही सांगितलं?"

ते एकटेच चहा गाळत होते. "सांगितलं असतं तर तू तोंड लपवून बसला असता. तुझी काकू गेली, पोरगी सासरी. संध्याकाळी बांधावर येऊन माझ्याशी भांडणारा तू एकटाच हायेस."

दुसऱ्या दिवशी मी गटाला खरं सांगून टाकलं. तात्या माझ्यावर रागावले. आठ दिवस बांधाकडे फिरकले नाहीत. नवव्या दिवशी आले आणि माझ्या छाटणीला नावं ठेवत तासभर बसले.