बिराप्पा सर आणि मागची चार कुत्री

रोज दिवेलागणीच्या सुमारास बिराप्पा सर आमच्या कॉलनीत शिरतात ते दोन्ही पाय हँडलवर ठेवून. सरांचं वय अडुसष्ट. सायकल त्यांच्याहून फार लहान नसावी. मागे आणि दोन्ही बाजूंना मिळून चार कुत्री, त्यांचा एकच कल्लोळ, आणि मधोमध सीटवर आराम खुर्चीत बसल्यासारखे सर. तोंडाने मात्र “हुर्रर्र… यूऽऽ, यूऽऽ” असा घशातून काढलेला एक विचित्र आवाज चालू असतो. हा त्यांचा कुत्री हाकलण्याचा प्रकार आहे, अशी कॉलनीतल्या सगळ्यांची समजूत होती. माझीही होती.

मी एका पतसंस्थेत हिशेब तपासतो आणि कॉलनीचा खजिनदारही आहे. त्यामुळे कुठलीही गोष्ट पाहिली की मनात आकडेमोड सुरू होते. पाय हँडलवर असताना पायडल मारता येत नाही. म्हणजे सायकल चालते ती फक्त उतारावर. आमच्या गल्लीचा उतार जिथे संपतो तिथून सरांचं फाटक आणखी तीन घरं पुढे आहे. तेवढ्या अंतरापुरते त्यांना पाय खाली घ्यावेच लागतात. कुत्र्यांच्या मनात असतं तर पोटरीचा लचका केव्हाच गेला असता. आजवर गेलेल्या लचक्यांची संख्या शून्य आहे, आणि शून्य हा आकडा लोक उगाच हलक्यात घेतात.

सर मूळचे सांगोल्याकडचे. घरी मेंढरं होती. शिकून सोलापुरात आले आणि हायस्कूलमध्ये भूगोल शिकवून निवृत्त झाले. वर्गात त्यांची भाषा पुस्तकासारखी असायची म्हणतात, वर्गाबाहेर मात्र पक्की सांगोल्याची, आणि तिच्यात एक वाक्य कायमचं: “त्याच्यामागं कारण हाय.” नळाला पाणी चार दिवसांनी का येतं, चहा बशीत ओतल्यावर गोड का लागतो, विजापूर रस्त्यावरच्या सगळ्या रिक्षा डावीकडेच का कलतात, कशालाही सर आधी हे वाक्य म्हणत आणि मग कारण शोधायला लागत.

त्यांचा मोठा विषय मात्र एकच होता. कुत्री सायकलवाल्याच्याच मागे का लागतात?

“खजिनदार, चालत्या माणसाला कुत्रं बघत बी न्हाय. त्योच माणूस सायकलवर बसला की कुत्र्याचं काय बिघाडतंय?” ते मला फाटकात गाठून विचारत.

“तुम्हीच सांगा सर.”

“सांगतो की. प्रयोग चालू हाय.”

पहिला संशय पॅन्टवर होता. पॅन्टचा घोळ फडफडतो म्हणून सरांनी वाळवणाचे चिमटे लावून तो आवळला. कुत्री धावली. मग रंग बदलले. पांढरी पॅन्ट, काळी पॅन्ट, एक दिवस तर चौकड्याची लुंगी. लुंगीवर पाय हँडलवर ठेवणं कॉलनीला मानवेना, माझ्या पत्नीने, सुनंदाने, गॅलरीतूनच सांगितलं, “सर, एवढा एक प्रयोग नको.” कुत्र्यांनी मात्र कपड्यांत कुठलाही भेदभाव केला नाही.

दुसरा संशय चाकाच्या टिकटिक आवाजावर. तो बंद व्हावा म्हणून सरांनी चेनला सढळ हाताने करडईचं तेल घातलं. आवाज थांबला. पण आता कुत्री धावत येऊन थेट चेन चाटायला बघू लागली आणि रात्रभरात सायकलीला मुंग्या लागल्या. तिसरा संशय वासावर. “खजिनदार, दुसऱ्या गल्लीतलं कुत्रं टायरवर तंगडी वर करतंय. मी त्यो वास घेऊन हितं येतो. म्हंजे परक्याचं निशाण घेऊन ह्यांच्या हद्दीत घुसल्यागत झालं की!” असं म्हणून त्यांनी आठवडाभर टायर फिनेलने धुतले. सर शेजारून गेले की दवाखान्यात आल्यासारखं वाटायचं. कुत्री दोन वेळा शिंकली आणि धावली.

शेवटी त्यांना जे कारण सापडलं ते मला आजही पटतं. सर म्हणाले, “ते चावाय येतच न्हाय. वळवाय येतंय. कळपातनं एखादं मेंढरू फुटून पळालं की कुत्रं कसं त्याच्या बाजूनं पळतंय, तसं. सायकल म्हंजे फुटलेलं मेंढरू. तुमी जितकं जोरात हाणाल, तितकं त्याला वाटतंय, ह्ये लई लांब चाललं, आणा माघारी.”

“मग उपाय?”

“उतरा. सायकल हातात धरून चाला. मेंढरू थांबलं की कुत्र्याचं काम संपलं. ते माघारी जातंय.”

हा उपाय त्यांनी दूधवाल्याला सांगितला, पेपरवाल्याला सांगितला, पार्सल घेऊन येणाऱ्याला तर अंगणात उभं करून समजावला. सगळ्यांना गुण आला. आता आमच्या गल्लीत कुत्री फक्त एकाच सायकलच्या मागे लागत होती. उपाय सांगणाऱ्याच्या.

“सर, तुम्ही स्वतः का नाही उतरत?” मी एकदा विचारलं.

“उतरलो तर प्रयोग बंद पडंल की,” असं म्हणून ते फाटक लावून आत गेले. मला ते उत्तर अपुरं वाटलं, पण शिक्षकाला उत्तर तपासून परत देण्याची सवय मला नाही.

मग एका संध्याकाळी सर पडले.

आम्ही धावलो तेव्हा सर रस्त्यावर आडवे, सायकल त्यांच्या अंगावर, आणि चार कुत्री चारी बाजूंना गप्प उभी. देखावाच असा होता की कुणी काही विचारलंच नाही. डाव्या मनगटाला प्लास्टर घालून सर घरी आले आणि रविवारी कॉलनीची बैठक बसली.

अध्यक्ष आमचे व्यंकट अण्णा. सात रस्त्याला त्यांचं टॉवेल-चादरींचं दुकान आहे आणि कुठलाही प्रश्न गिऱ्हाईक उठून जायच्या आत मिटवायची त्यांना सवय आहे. ते म्हणाले, “नियमानं गेलं तर महापालिका कुत्री नेणार, ऑपरेशन करणार आणि परत इथंच आणून सोडणार. काय उपयोग? मी टेम्पोवाला बघितलाय. मंगळवारी पहाटे येतो, चारी उचलतो आणि करकंबच्या पुढं उसात सोडून येतो.”

“आणि करकंबची माणसं त्यांची कुत्री कुठे सोडतात?” मी विचारलं.

“खजिनदार, तुम्ही प्रत्येक गोष्टीची दुसरी बाजू मांडू नका हो,” अण्णा म्हणाले आणि सरांकडे वळले. “सर, तुम्ही फक्त सगळ्यांसमोर सांगा, कुत्र्यांनी पाडलं. म्हणजे उद्या कुणी प्राणीवाला भांडायला आला तर आपली बाजू पक्की.”

सर प्लास्टरकडे बघत बसले होते. “कुत्र्यांनी न्हाय पाडलं.”

“मग कसे पडलात?”

“त्याच्यामागं कारण हाय.”

सगळे थांबले. सरांनी हे वाक्य म्हटलं की पुढे पाऊण तास कारण येतं, हे कॉलनीला माहीत होतं. त्या दिवशी आलं नाही. सर उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “म्हातारा घाबरलाय. तुमचं ऐकतात, तुम्ही बोला. टेम्पोवाल्याला मी उद्या रात्री पक्कं सांगणार.”

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर सुनंदाने दिलेला पिठलं-भाकरीचा डबा घेऊन मी सरांकडे गेलो. फाटकाला कुलूप. शोधत गल्लीच्या वरच्या कोपऱ्यावर आलो तर सर तिथे लिंबाच्या झाडाखाली उभे. सायकल नाही. हात गळ्यात अडकवलेला. पलीकडे वाळूच्या ढिगावर ती चार कुत्री पसरलेली.

सरांनी मान जरा वर केली आणि हळूच आवाज काढला. “हुर्रर्र… यूऽऽ, यूऽऽ.”

कुत्र्यांनी कान उभारले. पिवळं कुत्रं उठलं, सरांपर्यंत आलं, त्यांच्याकडे नीट पाहिलं, सायकल कुठे दिसेना म्हणून परत ढिगावर जाऊन झोपलं.

सरांनी मागे वळून मला पाहिलं. चोरी पकडली गेल्यावर पोरं हसतात तसे हसले.

“सर, हा आवाज हाकलायचा नाही?”

“हाकलायला ‘हाड’ म्हणत्यात की खजिनदार. ह्यो बोलवायचा. आमच्याकडं मेंढरामागच्या कुत्र्यांना असंच बोलवत्यात.”

“म्हणजे रोज तुम्हीच…”

“रोज. ह्या कोपऱ्यावर आलो की आधी हाळी देतो, मग पाय वर.”

मी वाळूच्या ढिगाकडे पाहत राहिलो. इतक्या लोकांनी इतकी वर्षं तो आवाज ऐकला होता आणि आमच्यापैकी एकानेही मेंढरं राखलेली नव्हती.

“पण का?”

सर लिंबाच्या खोडाला टेकले. मग म्हणाले, “ल्हान होतो तवा सांजंला माळावरनं यायचो. मेंढरांचा तळ लांब असायचा, पर कुत्री आधी पळत यायची, भुंकत. आई भाकरी थापता थापता म्हणायची, आलं माझं पोरगं. मला बघायच्या आधी. हितं आलो, लगीन झालं. बायको सायकलची घंटी वळखायची. घंटी वाजली की दार उघडं. आता ती गेली. पोरगी हैदराबादला. फोन करती, न्हाय असं न्हाय.” त्यांनी चांगल्या हाताने नाक पुसलं. “मी कुलूप काढून आत जातो. आलो काय, न आलो काय, कुणाला कळतंय? ही चार वरडली की निदान गल्लीला कळतंय, कोणतरी घरला आलं.”

“मग बैठकीत सांगितलं का नाही?”

“काय सांगू? अडुसष्ट वर्साचा मास्तर, आपला आपण कुत्री अंगावर बोलावतो म्हणून?” मग ते एकदम माझ्याकडे वळले. “खजिनदार, टेम्पो येऊ देऊ नका. माझं नाव न घेता काय करता आलं तर बघा.”

डबा त्यांच्या हातात देऊन मी निघालो. मला खोटं बोलता येत नाही. बोललो तर आधी माझाच ताळेबंद चुकतो. तेव्हा खरं कारणच शोधणं भाग होतं. मी घरून टेप आणि टॉर्च आणली आणि सर पडले तिथे रस्त्यावर बसलो. तिथे एक नवा गतिरोधक होता. सर पडले त्याच दिवशी सकाळी कॉलनीनेच घातलेला, पट्टे न मारलेला, संध्याकाळी न दिसणारा. टेप लावून पाहिली. तो गतिरोधक नव्हताच, बांध होता. पाय हँडलवर असो नाहीतर पायडलवर, त्याच्यावरून सायकलवाला पडणारच होता.

मी तसाच व्यंकट अण्णांकडे गेलो. “अण्णा, सर कुत्र्यांमुळे नाही, आपल्यामुळे पडले. चला, मोजून दाखवतो. उद्या कुणी भांडायला आलाच, तर कुत्र्यांच्या वतीने नाही, सरांच्या वतीने येईल.”

अण्णांनी टॉर्चच्या उजेडात टेपवरचा आकडा दोनदा वाचला. “एवढा उंच?”

“आणि कुत्री आजवर चावली किती जणांना? विचारा कुणालाही.”

अण्णांनी खिशातून फोन काढला, टेम्पोवाल्याला “नको येऊ” म्हणाले, आणि त्याच फोनवर गवंड्याला फैलावर घेतलं. प्रश्न मिटला. गिऱ्हाईक उठायच्या आत.

राहिला सरांचा हात. प्लास्टर अजून दीड महिना निघणार नव्हतं. तेवढे दिवस सर चालत येणार, कुत्री झोपून राहणार. मंगळवारी संध्याकाळी मी त्यांच्या फाटकात जाऊन सायकल मागितली.

“तुमी चालवनार? कधी चालवली होती ह्याच्या आधी?”

“कॉलेजात. तुम्ही मागे बसा.”

चढ चढून कोपऱ्यावर जाईपर्यंतच माझा दम गेला. तिथे सायकल वळवली, सर कॅरिअरवर बसले, चांगल्या हाताने माझा शर्ट धरला.

“भीती वाटत असली तर उतरू या,” ते म्हणाले.

“वाटते. पण हाळी द्या.”

सरांनी हाळी दिली. कुत्री उठली ती वाळू उडवतच. मी पाय हँडलवर ठेवायच्या भानगडीत पडलो नाही. डोळे मात्र काही अंतर मिटून घेतले होते. दोन्ही बाजूंनी कान किटवणारा कल्लोळ, मागे सर लहान मुलासारखे ओरडतायत, “डावीकडं, डावीकडं घ्या, पिवळ्याला जागा द्या!” गवंड्याने बांध फोडून ठेवलेला, त्या खडीवरून सायकल खडखडत गेली आणि माझ्या घरासमोर आल्यावर माझे पाय थकून थांबले. कुत्रीही थांबली.

त्या शांततेत आमच्या स्वयंपाकघरातून सुनंदाचा आवाज बाहेर आला. ती कुणाशी नाही, स्वतःशीच बोलत होती.

“आले बाई सर. दिवा लावायची वेळ झाली.”

काडी ओढल्याचा आवाज आला. माझा शर्ट मागून सुटला. सर कॅरिअरवरून उतरून उभे राहिले होते, आमच्या खिडकीकडे बघत.

“रोज म्हणत्यात?” त्यांनी हळूच विचारलं.

“रोज,” मी म्हणालो. “घड्याळ कधी बघतच नाही ती.”