खालच्यांचा धूर

सिगारेट सोडल्यापासून किल्लीवाल्यांच्या हातांना काय करावं ते कळेनासं झालं होतं. बसले की हात खिशाकडे जात, खिसा रिकामा लागला की कानाकडे जात, आणि कान खाजवून झाला की पुन्हा खिशाकडे.

"हात रिकामे ठेवू नका, बाबा," मुलीने फोनवर बजावलं होतं. "तलफ आली की कामाला लागा. गाजर खा. मोकळ्या हवेत जाऊन लांब श्वास घ्या. आणि फारच चिडचिड झाली तर कुणाशी तरी बोला."

गाजर, हवा, श्वास इथपर्यंत ठीक होतं. बोलण्याच्या कलमापाशी किल्लीवाले अडले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. आयुष्यभर लोकांची बंद कुलपं उघडून दिली म्हणून सगळी इमारत त्यांना किल्लीवाले म्हणून ओळखत असे, पण कुलूप उघडलं की लोक आत जातात आणि दार लावून घेतात. किल्लीवाल्याशी गप्पा मारायला कुणी उंबऱ्यात थांबत नाही.

तसं रोज त्यांच्याशी बोलणारं एक माणूस होतं. ते म्हणजे वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई. किल्लीवाले गॅलरीत सिगारेट पेटवत आणि वरून लगेच आवाज येई, "अहो खालचे! धूर येतोय! गिऱ्हाइकाचे कपडे वाळत घातलेत मी!" किल्लीवाले म्हणत, "हवेला सांगा!" मग बाई हवेचा, खालच्यांचा आणि एकंदर पुरुषजातीचा उद्धार करत. गेली कित्येक वर्षं हा कार्यक्रम न चुकता चालला होता. दोघांनी एकमेकांना जिन्यात धड पाहिलंही नव्हतं. त्या वरच्या, हे खालचे, एवढीच ओळख; खालचे म्हणजेच इमारतीचे किल्लीवाले, हे बाईंच्या गावीही नव्हतं.

सिगारेट सुटली आणि ओरडणंही थांबलं. किल्लीवाल्यांना वाटलं होतं, आता घरात किती शांतता होईल! झाली खरी. इतकी झाली की स्वतःच्या गाजर चावण्याचा आवाज त्यांना शेजारच्या खोलीतून येतोय असं वाटायला लागलं.

पण सोडणं भागच होतं. मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन महिनाभर राहायला येणार होती. बाळ वेळेआधी जन्मलेलं, छातीने नाजूक. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धुराचा वाससुद्धा नको. मुलगी स्पष्ट म्हणाली होती, "बाबा, मी रागाने सांगत नाही. पण घरात सिगारेट दिसली तर मी दारातूनच परत फिरेन. मला फिरावंच लागेल." किल्लीवाल्यांनी नातीला अजून पाहिलं नव्हतं. फोनवर तिचं रडणं तेवढं ऐकलं होतं, आणि ते ऐकून फोन ठेवल्यावर बराच वेळ ते तसेच बसून राहिले होते.

मुलगी ज्या दिवशी यायची होती, त्या दिवशी दुपारी तलफ अशी काही उसळली की विचारू नका. सोय आधीच झालेली होती. ॲशट्रे गेली होती, लायटर गेला होता, पाकिटं गेली होती. गॅलरीच्या दारात घडी करून खोचलेलं जुनं पाकीटसुद्धा त्यांनी सकाळीच ओढून फेकलं होतं. त्या दाराचा लॅच कैक वर्षं बिघडलेला होता. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ते पाकीट तिथे खोचलेलं असे. दुसऱ्यांची कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या घरचं कुलूप नेहमी बिघडलेलंच असायचं.

"हात रिकामे ठेवू नका," त्यांना आठवलं. त्यांनी हत्यारांची पेटी काढली, लॅच उघडला, नवी स्प्रिंग बसवली, तेल सोडलं. दार असं काही झोकात लागायला लागलं की त्यांना स्वतःचा अभिमान वाटला. मग दुसरी सूचना आठवली. एक गाजर घेऊन ते मोकळ्या हवेत, म्हणजे गॅलरीत गेले आणि लांब श्वास घेतला.

मागे वाऱ्याने दार लागलं. खट्.

तो आवाज इतका सुरेख होता की कारागीर म्हणून किल्लीवाले क्षणभर खूश झाले. मग त्यांच्या लक्षात आलं की बाहेरच्या बाजूने लॅचला फक्त किल्लीचं भोक आहे. किल्ली आत. हत्यारं आत. फोन आत. बाहेर ते स्वतः, एक गाजर आणि रोप केव्हाच वाळून गेलेली एक कुंडी.

"कुणी आहे का?" त्यांनी हाक मारली. हाक कसली, घोगरा फुसकारा होता तो. कितीतरी दिवसांत मोठ्याने बोलायची वेळच आली नव्हती, घसा गंजून गेला होता. त्यांनी खाकरून पुन्हा हाक मारली आणि दोन्ही हात हलवले. खाली फाटकाशी बसलेल्या वॉचमनने वर पाहिलं. इतक्या वर्षांत किल्लीवाल्यांनी आपल्याला पहिल्यांदाच हात केला, या आनंदात त्यानेही दोन्ही हात हलवले.

"अरे, अडकलोय!"

"मजेत, काका! तुम्ही कसे?" वॉचमन ओरडला, आणि रस्त्यावरून गाडी आली तसा तिला फाटक उघडून द्यायला निघून गेला.

किल्लीवाल्यांनी गाजर फेकून मारलं. ते फाटकाबाहेर जाऊन पडलं. एका गाईला लागलं असतं तरी तिने मान वर केली असती. पण तिथे एक सायकल होती, आणि सायकलला कशाचंच काही नसतं.

आता शेवटचा आधार वरच्या बाईंचा. "अहो वरच्या!" त्यांनी मान वाकडी करून हाक दिली. वरून शिलाई मशीनची घरघर ऐकू येत होती. मशीन चालू असताना बाईंना ढग कोसळला तरी ऐकू आला नसता. फक्त एकाच गोष्टीला त्या मशीन थांबवून बाहेर येत. ती गोष्ट किल्लीवाल्यांना पुरती माहीत होती.

त्यांनी कुंडीकडे पाहिलं.

सिगारेट सोडली त्या दिवशी त्यांनी सगळं फेकलं होतं हे खरं. पण एक सिगारेट आणि काडेपेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून त्यांनी कुंडीतल्या मातीखाली पुरली होती. आणीबाणीसाठी. पुरताना स्वतःकडेही पाहिलं नव्हतं. आणीबाणी म्हणून त्यांच्या डोळ्यांपुढे भलतंच काहीतरी होतं, पण ही आणीबाणी नव्हे असं कोण म्हणेल?

माती उकरून त्यांनी सिगारेट काढली. तोंडाला लावायची नाही असं ठरवून ती हातभर लांब धरली आणि मेलेला उंदीर शेपटीने धरावा तशी बोटांत पकडून खाली काडी लावली. न ओढता सिगारेट पेटत नाही. काड्या जळत गेल्या, बोटं पोळली, शेवटी टोक कसंबसं लाल झालं. मग पायातली चप्पल काढून त्यांनी वारा घातला, तेव्हा कुठे धुराची एक बारीक रेघ वर निघाली.

मशीन थांबलं.

"अहो खालचे! परत सुरू केलंत?" बाई कडाडल्या. कठड्यावरून त्यांचं डोकं बाहेर आलं. गळ्यात मोजपट्टी, तोंडात टाचण्या. "सुटली म्हणून मला किती... म्हणजे, कपड्यांना किती बरं वाटत होतं!"

"बाई, भांडू नका! अडकलोय मी! दार लागलंय!"

"मग उघडा की!"

"किल्ली आत राहिली!"

बाईंनी टाचण्या तोंडातून काढल्या. "थांबा. घाबरू नका. फाटकावर त्या कुलूपवाल्याचा नंबर आहे, तो माझ्याकडे लिहिलेला आहे. आत्ता बोलावते त्याला."

"अहो, तो—"

पण बाई आत गेल्या होत्या. थोड्या वेळाने किल्लीवाल्यांच्या बंद दाराआड, पलंगावर, त्यांचा फोन वाजायला लागला. बराच वेळ वाजला.

"उचलत नाही मेला!" बाई बाहेर येऊन म्हणाल्या. "काम नको असतं या लोकांना."

"कसा उचलणार? तो मेला मीच!"

मग वरून एक विचित्र आवाज आला. बाई हसत होत्या. किल्लीवाल्यांनी त्यांचं हसणं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं आणि परिस्थिती अशी नसती तर त्यांनाही हसू आलं असतं. हसून झाल्यावर बाईंनी दोऱ्याला बांधून एक जाड सुई खाली सोडली. "हिने होतंय का बघा."

किल्लीवाले कुलपापुढे गुडघ्यावर बसले. दोन्ही हात लागणार होते. आणि दोन्ही हात लागणार असले की त्यांच्या बोटांतली सिगारेट कुठे जाते, हे बोटांना उभ्या आयुष्याच्या सवयीने ठाऊक होतं. ती गेली सरळ ओठांत.

गेली आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी श्वास धरला. एक झुरका, फक्त एक! कुणालाही कळलं नसतं. छाती मागत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं, तोंड लालबुंद झालं होतं. आणि सुई फिरवून फिरवून कुलूप काही हलेना, कारण ज्या माणसाने ते दुरुस्त केलं होतं, तो आपल्या कामात फार पक्का होता.

तेवढ्यात खाली टॅक्सी थांबली. किल्लीवाले तसेच उठून कठड्यावरून वाकले.

मुलगी बाळाला छातीशी धरून उतरली. लहानपणापासून सवय होती तसं तिने आधी गॅलरीकडे पाहिलं. गॅलरीत बाबा. बाबांच्या तोंडात सिगारेट.

ती वळून टॅक्सीवाल्याला म्हणाली, "थांबा जरा."

"अगं, थांब!" किल्लीवाले ओरडले, आणि तोंड उघडल्याबरोबर सिगारेट खाली पडली. ती तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन पडली. मुलीने बाळाचं तोंड दुसऱ्या बाजूला वळवलं आणि चपलेने ती विझवली.

"मी अडकलोय गं! दार लागलंय! बोलावायला पेटवली होती!"

"बाबा," ती वर बघत म्हणाली, "याहून बरं काही सुचलं नाही?"

"खरं आहे हो ते!" वरून बाई ओरडल्या. "ओढली नाही त्यांनी! तुमच्या बाबांचा धूर मी इतकी वर्षं खातेय. ओढलेल्याचा वास वेगळा असतो, नुसत्या जळणाऱ्याचा वेगळा. आज नुसती जळत होती. मी सांगते ना!"

मुलगी बाईंकडे बघत राहिली. मग बाबांकडे. "बाबा, ओढलीत?"

"नाही."

"अजिबात?"

किल्लीवाल्यांनी कठडा धरला. मुलगी परत फिरली तर ती जाईल, बाळ जाईल, आणि घराची दुसरी किल्ली तिच्याजवळ असल्याने दारही उघडायचं नाही. एक 'अजिबात' म्हटलं की काम भागत होतं.

"ओढावीशी वाटली," ते म्हणाले. "फार वाटली गं. तोंडात होती, श्वास धरून बसलो होतो. घरात कुणी नसतं ना, तेव्हा फार वाटतं."

मुलीने टॅक्सीवाल्याला बॅगा काढायला सांगितलं आणि पर्समध्ये किल्ली शोधायला लागली. ती येणार म्हणून किल्लीवाल्यांनी पुढच्या दाराची आतली कडी लावलीच नव्हती. थोड्याच वेळात आतून लॅच फिरला, अगदी लोण्यासारखा.

"हात धुवा, तोंड धुवा, शर्ट बदला," ती म्हणाली. "मगच ही मिळेल."

महिना बघता बघता गेला. किल्लीवाल्यांच्या हातांना महिनाभर काम होतं, आणि ते काम मांडीत घेतल्यावर पंधरा मिनिटांत झोपी जात असे. मग एका दुपारी टॅक्सी आली आणि मुलगी नातीला घेऊन गेली. किल्लीवाले गॅलरीत उभे राहिले. टॅक्सी वळली, वॉचमनने दोन्ही हात हलवले, यांनीही हलवले. घर मागे इतकं मोकळं झालं होतं की आत जायची हिंमत होईना. हात खिशाकडे गेला. मग कानाकडे. मग पुन्हा खिशाकडे.

वर मशीन चालू होतं. ते थांबलं.

"अहो खालचे! धूर येतोय!"

किल्लीवाल्यांनी आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. नुसती माती उरलेल्या कुंडीकडे पाहिलं. धुराचा कुठे मागमूस नव्हता.

"कुठे येतोय?"

"येतोय म्हणतेय ना! मला कळत नाही होय? विझवा आधी!"

किल्लीवाल्यांनी दोन बोटं कुंडीच्या मातीत नीट चेपली आणि मान वर केली. "विझवली हो बाई!"

"उद्या पुन्हा पेटवलीत तर माझ्याशी गाठ आहे!"

"बरं," किल्लीवाले म्हणाले. "उद्या याच वेळेला."